‘ण’ला दिलेली सावली

१

आमच्या दुकानात सकाळचं पहिलं काम मशीन पुसायचं. रात्रभर थांबलेल्या मशीनच्या तोंडाशी शाई सुकते. ती काढली नाही तर दिवसभर फ्लेक्सवर पांढऱ्या रेघा येतात. मग मी कॉम्प्युटर लावतो, अरीबभाई लोबान फिरवतात आणि तोवर कुणीतरी मोबाइलमधला फोटो दाखवत दारात उभं असतं. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं दहावं. शाळा नववीत सुटली तेव्हापासून मी इथंच आहे. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम अरीबभाईंचं. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणून मी पडद्याकडे तोंड करून अक्षरं लावत बसतो.

अरीबभाईंचे आजोबा म्हणजे जहांगीर पेंटर. मी त्यांना चाचा म्हणतो. फ्लेक्स यायच्या आधी नांदेडातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. त्यांचं अक्षर ओळखू यायचं. जाडजूड, भरलेलं. प्रत्येक उभी रेघ खाली रुंद होत जायची, पाय रोवून उभी राहिल्यासारखी. वरच्या रेघेची टोकं फेट्याच्या तुऱ्यासारखी वळलेली. आणि उजवीकडे खाली काळी सावली. त्या सावलीमुळे अक्षर पाटीवरून एक पाऊल पुढे आल्यासारखं दिसायचं.

त्या अक्षरांचा फॉन्ट करायचा, ही कल्पना अरीबभाईंची.

“सगळ्या नांदेडचे फ्लेक्स एकाच माणसानं लिहिल्यावाणी दिसून राहिले,” ते म्हणाले. “आपले जरा येगळे दिसू दे की यार.”

चाचांच्या डोळ्यांत आता पडदा आला आहे, हातही कापतो. त्यामुळे जुन्या पाट्या शोधून त्यांवरूनच अक्षरं उचलायची होती. एक शिंपी, एक पिठाची गिरणी, बँडवाल्यांचं एक बंद पडलेलं दुकान, असं फिरत मी फोटो काढले आणि एकेक अक्षर पडद्यावर गिरवलं. सगळं जमलं, ‘ण’ मात्र कुठं मिळेना. किराणा दुकानांवर तो सापडला असता, पण त्या पाट्या कधीच उतरल्या होत्या. त्यांच्या जागी फ्लेक्स आले होते, आणि त्यातले बरेच आम्हीच छापलेले होते.

एकदा उमरीला माल पोचवून परत येताना रस्त्याकडेच्या हळदीच्या शेतात सिमेंटची एक समाधी दिसली. गाडीवरूनच मला तो हात ओळखू आला. पांढऱ्यावर काळ्या अक्षरात ‘कै. श्रावण’ एवढंच वाचता येत होतं, खालचं सगळं उडालेलं. ‘ण’ शाबूत होता. जोडलेल्या दोन रेघा, आणि तिसरी बाजूला एकटी उभी. त्याला सावली तेवढी नव्हती. पावसानं धुपून गेली असेल, असं मला वाटलं. मी फोटो काढला, आणि दुकानात आल्यावर बाकीच्या अक्षरांना होती तशीच सावली त्यालाही काढून दिली.

फॉन्टचं नाव अरीबभाईंनी ठेवलं, ‘जहांगीर ठळक’.

२

पहिलं काम एका शिकवणीवाल्यांचं होतं, गुणवंत विद्यार्थ्यांचं अभिनंदन. मशीन सर्र-सर्र करत मागंपुढं फिरत होती आणि फ्लेक्स वीतवीत खाली उतरत होता. मी कडांना दोरी ओवायच्या रिंगा मारायला बसलो तेव्हा ते दिसलं. सगळ्या अक्षरांची सावली उजवीकडे होती, एकट्या ‘ण’ची डावीकडे.

मी पडद्यावर पाहिलं. तिथं ती उजवीकडेच होती. पुन्हा छापलं, तर पुन्हा डावीकडे.

अरीबभाई हसले. म्हणाले, फॉन्ट तूच केलास, कुठं काय उलटं बसवलंस ते तूच शोध. मलाही तेच पटलं. मी काही शिकलेला माणूस नाही. मोबाइलवर बघून बघून फॉन्ट करायला शिकलो, त्यात चूक राहणारच. मी ‘ण’ पुसून पहिल्यापासून गिरवला आणि त्याची सावली नव्यानं काढली. त्यानंतर छापलं ते नीट आलं.

मग ‘निमंत्रण’ छापलं, ‘ग्रामीण’ छापलं, काही बिघडलं नाही. लोकांना फॉन्ट आवडायला लागला. लातूरच्या एका फ्लेक्सवाल्यानं फोन करून तो मागितला. अरीबभाई खुशीत होते. माझ्या मनात तेवढा एक खडा राहिला होता. चूक दुरुस्त झाली होती खरी, पण मुळात ती काय होती हे मला सापडलंच नव्हतं.

३

माझी थोरली बहीण रेणुका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे मालक वैजनाथदाजी लातूरला डाळ मिलमध्ये आहेत. आक्काला आधी एकदा दिवस गेले होते, पण ते टिकले नव्हते, त्यामुळे या वेळी माय तिला तांब्यासुद्धा उचलू देत नव्हती. आम्ही विष्णुपुरीच्या रस्त्याला दोन खोल्यांत राहतो, पुढं अंगण आहे. डोहाळजेवण तिथंच करायचं ठरलं आणि फ्लेक्स अर्थातच माझ्याकडे आला.

मी मनापासून केला. वर डोहाळजेवणाचा मजकूर, कडेनं वेल आणि मधोमध ‘रेणुका’, ‘जहांगीर ठळक’मध्ये, हातभर उंचीचं.

“एवढं मोठं नाव?” आक्का म्हणाली. “बज्या, मी काय नगरसेवक हाय का रे?”

सगळ्या बाया हसल्या. ती फ्लेक्ससमोर फुलांचे दागिने घालून बसली, फोटो झाले, ओटी झाली. संध्याकाळी मी फ्लेक्स गुंडाळायला गेलो तर मायनं अडवलं. बाळंत होईपर्यंत लेकीचं नाव खाली उतरवायचं नाही, म्हणाली. म्हणून तो आम्ही आतल्या खोलीत आक्काच्या खाटेसमोरच्या भिंतीवर ठोकला.

त्या खोलीला खिडकी नाही. ऊन तिथं येत नाही, दिवसाही ट्यूब लावावी लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आलो तेव्हा मी सहज नावाकडे पाहिलं. ‘ण’ची सावली अगदी आखूड झाली होती, पायाशी गोळा झाल्यासारखी. संध्याकाळी घरी आलो तेव्हा ती लांब झाली होती, पार ‘क’च्या अंगावर गेलेली.

मी जवळ जाऊन हात फिरवला. शाई सुकलेली होती, बोटाला काही लागलं नाही. मी स्वतःला समजावलं की फ्लेक्स कुठं सैल बसलाय, कुठं ताणलाय, म्हणून तसं वाटतं. पंखा बंद होता. तरी हात काढल्यावर फ्लेक्स एकदा आत ओढला गेला आणि बाहेर आला.

“त्यो असाच करतो दिवसभर,” आक्का खाटेवरून म्हणाली. “मला आता सवय झाली.”

ती हसत म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. नंतर मला म्हणाली की ते मधलं अक्षर नको होतं असं काढायला, बाजूला कुणीतरी गुपचूप उभं असल्यावाणी दिसतं. मी तिला सांगितलं नाही की मलाही नेमकं तेच दिसतंय.

४

आक्का वाळत चालली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी आहे, गोळ्या चुकवू नका, बाळ छान आहे. माय बीट किसून देत होती, खजूर देत होती. आक्का खायची आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायची. ज्या कुशीवर ती निजे, त्या कुशीवरून तिला नाव दिसायचं.

एका दुपारी मी तिला बळंच अंगणात आणलं, जरा उजेडात बस म्हणालो. चांगलं कडक ऊन होतं. मायनं मुगाच्या शेंगा वाळत टाकल्या होत्या आणि ती वाकून त्या हलवत होती. तिची सावली शेंगांवर काळीभोर पडली होती. तारेवरच्या चिमट्यांच्यासुद्धा सावल्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या.

आक्का उंबऱ्यावरून उतरली, पोटाला हात लावून, सावकाश. तिच्या पायाशी जे होतं त्याला सावली म्हणावं की नाही मला कळेना. चहा सांडलेला कपडा धुवावा आणि डाग थोडा मागं राहावा, तेवढंच काहीतरी फरशीवर होतं. मी डोळे मिटून उघडले. ढग आला असेल म्हणून वर पाहिलं. आभाळ निळं होतं.

मी आत गेलो आणि फ्लेक्सचे खिळे उपटले. माय मागून आली, अशुभ करतोस का रे भाड्या, म्हणाली, पण माझं तोंड बघून तिथंच थांबली. फ्लेक्स खाली पडला.

मागच्या चुन्याच्या भिंतीवर अक्षर एकही नव्हतं. तिथं एकच सावली होती. ती ‘ण’ला मी काढून दिलेली होती तशी, तिरकी, तेवढीच. मी पंचा ओला करून घासली, नखानं चुना खरवडला. आत विटेवरही ती होती.

मायनं आक्काची खाट दुसऱ्या खोलीत ओढली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

५

अरीबभाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. लातूरला फॉन्ट पाठवू नका एवढं मात्र मी हात जोडून म्हणालो. मी कधी कुणाकडे असं काही मागत नाही, म्हणून असेल, त्यांनी मान डोलावली आणि मला गाडीवर बसवून आजोबांकडे नेलं.

चाचा लिंबाखाली खाटेवर बसले होते. मी अडखळत सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि मांडीवर त्यांचं बोट हलत होतं. ते ‘ण’ गिरवत आहेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“कुठनं उचलला बेटा हा?” त्यांनी विचारलं.

“उमरीच्या रस्त्याला. समाधीवरनं.”

त्यांचं बोट थांबलं.

“सावली व्हती त्याला?”

“न्हवती. मला वाटलं उडून गेली असंल. मी काढली.”

मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या उस्तादांपासूनची रीत आहे. दुकान असो, शाळा असो, माणूस असो, नावाला सावली द्यायची. गेलेल्याचं नाव कोरं लिहायचं, त्याला सावली द्यायची नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी द्यायची नाही. श्रावण कोण होता असं मी विचारायला लागलो तर त्यांनी हातानंच थांबवलं. गेलेला होता, एवढं पुरे म्हणाले. साध्या शब्दांनी काही होत नाही, असंही म्हणाले. जित्या माणसाचं नाव त्या अक्षरानं लिहिलं का, हे त्यांना कळायला हवं होतं.

“आक्काचं,” मी म्हणालो.

“सावली उन्हात उभं राहणाऱ्याची आसती,” चाचा म्हणाले. “त्याच्यापाशी न्हवती. तू दिलीस. मग ती आणलीस कुणाची?”

अरीबभाई दुसरीकडे तोंड करून उभे होते. ते आता हसत नव्हते.

चाचांनी घरातून एक ब्रश आणि डबीभर पांढरा रंग मागवला. भिंतीला हात लावू नकोस, म्हणाले, जिथून अक्षर आणलंस तिथं जा. तिथं ती सावली पडलेली दिसेल. अक्षराला ब्रश लावायचा नाही, फक्त सावली झाकायची. आणि पेंटर जशी चुकलेली सावली उतरवतो तशीच उतरवायची, लांबच्या टोकाकडून अक्षराकडे येत. अक्षराच्या बाजूनं सुरुवात केली तर ती मधेच तुटते आणि टोक तिकडेच राहतं. हे त्यांनी मला दोनदा म्हणायला लावलं.

६

मी एकटाच गेलो. आक्काचे दिवस भरत आले होते, म्हणून अरीबभाई गाडी घेऊन आमच्या घरापाशी थांबले.

आभाळ भरून आलं होतं पण पाऊस पडत नव्हता. कुठंच ऊन नव्हतं. रस्त्यावर, बांधावर, माझ्या गाडीखाली, कशाचीही सावली पडलेली नव्हती. हळद कमरेपर्यंत आली होती आणि वारा नसल्यानं तिची पानं स्तब्ध होती. मला वाटत होतं की तिथं काही नसेल. जुनं सिमेंट असेल, जुनं नाव असेल. मी परत जाऊन स्वतःवर हसेन. तसं व्हावं म्हणून मी देवाचं नाव घेत होतो.

समाधीच्या पांढऱ्या भागावर ‘ण’च्या उजवीकडे ती होती.

ती अक्षराची सावली नव्हती. बाजूनं उभ्या बाईची होती. पाठ अक्षराच्या त्या एकट्या रेघेला टेकलेली, मान खाली, पोट पुढं आलेलं. केसांचा सैल आंबाडा ओळखू येत होता. आक्का तसाच बांधते. सगळ्यात लांबचं टोक म्हणजे तिचं पोट होतं.

मी डबी उघडली. ब्रश बुडवला. त्याच वेळी फोन वाजला.

माय रडत होती. आक्काला कळा आल्या होत्या, दवाखान्यात नेलं होतं, अंगावरून लई जात होतं. डॉक्टरीणबाई आत होत्या आणि बाहेर कुणी काही सांगत नव्हतं. मायच्या मागं कुणीतरी रक्ताचा गट विचारत होतं.

फोन ठेवला तेव्हा चाचांनी काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं असं मी म्हणणार नाही. आठवत होतं. पण समोर माझी बहीण त्या नावाला चिकटून उभी होती, आणि आधी तिला तिथून तोडावं याच्यापलीकडे मला काही सुचलं नाही. मी अक्षराच्या बाजूनं ब्रश लावला. पाठ झाकली. आंबाडा झाकला. मान, खांदा, हात. रंग पातळ होता, दोनदा फिरवावा लागत होता. आकृती अक्षरापासून सुटली आणि मला इतकं बरं वाटलं की हात भराभर चालायला लागला.

मग डबीत रंग उरला नाही.

पोटाचा गोल तेवढा राहिला होता, मुठीहून थोडा मोठा. मी डबीचा तळ खरवडला, ब्रश पिळला. त्या गोलाच्या आत काहीतरी फिरलं, गढूळ पाण्यात मासा वळावा तसं, आणि पुन्हा स्थिर झालं. मी मागं सरकलो ते बांधावर पडलो.

फोन परत वाजला. अरीबभाई होते.

“बजरंग, मामा झालास,” ते म्हणाले. “पोरगा हाय. दोघं बी खुशाल हायेत. आता शुद्धीवर आली, पयलं तुलाच इचारलं.”

मी तिथंच मातीत बसून रडलो. नंतर समाधीकडे पाहिलं तर ओल्या रंगाशेजारी राहिलेला गोल ओलीच्या डागासारखा दिसत होता. सिमेंटवर असे डाग असतातच. रंग आणायला उमरीत जाऊन यावं, असं एकदा मनात आलं. पण पोरगा खुशाल होता, आक्का मला विचारत होती. मी गाडीला किक मारली.

७

दवाखान्यातून घरी आल्यावर आक्काच्या तोंडावर रंग आला. भिंतीवर आता नुसता खरवडलेला चुना होता, बाकी काही नव्हतं. अरीबभाईंनी तो फॉन्ट दुकानातल्या कॉम्प्युटरवरून काढून टाकला आणि त्यावर आम्ही कधी बोललो नाही. वैजनाथदाजी लातूरहून येऊन गेले. बाळ सावळं, गुटगुटीत आहे. भूक लागली की गल्ली डोक्यावर घेतं. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून पाहिलं, काही कमी नाही म्हणाल्या.

बारसं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं त्याला न्हाऊ घातलं, धुरी दिली आणि कोवळ्या उन्हात ने म्हणाली. पहिल्यांदाच तो उन्हात येत होता. आक्का त्याला घेऊन उंबरा उतरली. मी अंगणात गाडी पुसत होतो. माझं लक्ष आधी तिच्या पायांकडे गेलं. तिची सावली फरशीवर चांगली दाट पडली होती, आंबाड्यासकट. किती दिवसांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी हसलो.

मग मी तिच्या सावलीचे हात पाहिले. ते छातीशी दुमडलेले होते आणि त्यांच्या मधून ऊन खाली पडत होतं.

“बघत काय बसलास?” आक्का म्हणाली. “घे की भाच्याला. भेतोस व्हय?”

ती जवळ आली आणि तिनं त्याला माझ्या हातात ठेवलं. मी असं लहान मूल कधी घेतलं नव्हतं. तो जड होता, ऊबदार होता, त्याच्या टाळूला तेलाचा वास होता. त्यानं माझी करंगळी घट्ट धरली. उन्हानं डोळे बारीक करून तो माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याच्याकडेच बघत राहायचं ठरवलं होतं. पण आक्का म्हणाली, मान धर नीट, म्हणून मी वाकलो.

खाली फरशीवर माझी सावली होती, दोन्ही हात पुढं करून उभी, कुणाकडे काही मागत असल्यासारखी.